कासव खात नसेल तर: पाणकासव पाळताना या चुका टाळा

शोभिवंत माशांच्या दुकानात दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासेच मोठे, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले हिरवे पिल्लू विकताना दुकानदार बहुधा दोन गोष्टी सांगतो: हे एवढेच राहते आणि याला ही खाद्याची डबी पुरते. दोन्ही चूक आहेत. लाल कानाचे कासव किंवा रेड-इअर्ड स्लायडर या नावाने ओळखली जाणारी ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली असून मादी २५ सेंटिमीटरपर्यंत सहज वाढते आणि नीट सांभाळल्यास २५ ते ३० वर्षे जगते. (आपल्याकडची नद्या-तळ्यांतली बहुतेक सर्व देशी कासवे आणि जमिनीवरचे तारा कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत व ती घरात ठेवणे गुन्हा आहे, म्हणून पुढचे सारे विवेचन या परदेशी जातीपुरतेच आहे.)

खात नाही म्हणून खाद्य बदलणे

कासवाचे शरीर स्वतःची उष्णता निर्माण करत नाही. पाणी २० अंशांच्या खाली गेले की त्याची भूक मंदावते आणि पोटात असलेले अन्नही नीट पचत नाही. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत घरात ठेवलेल्या पेटीतले पाणीही रात्रीतून या पातळीला उतरते. आमच्याकडच्या कासवाने एका जानेवारीत नऊ दिवस अन्नाला तोंड लावले नव्हते. मी तीन प्रकारचे खाद्य आणून पाहिले, कोळंबीही सोलून दिली, आणि शेवटी, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले, म्हणजे पाण्यात थर्मामीटर बुडवला. पारा १८ वर होता. हीटर लावल्यानंतर चौथ्या दिवशी ते काचेशी येऊन पाय मारू लागले.

पाणी २४ ते २८ अंश आणि त्यातून बाहेर येऊन बसण्याची कोरडी जागा ३० ते ३२ अंश असावी. पिल्लांना पाणी थोडे अधिक उबदारच ठेवावे. हीटरवर प्लॅस्टिकची जाळी हवी, कारण मोठे कासव धडका देऊन काचेची नळी फोडते, आणि पाण्यात हात घालण्याआधी त्याची पिन काढलीच पाहिजे. पाणी गार असताना अन्न मुळीच भरवू नये. दुसरे असे की, हे कासव पाण्याबाहेर गिळू शकत नाही. त्याची जीभ जवळपास हलत नाही, त्यामुळे घास आत ढकलायला त्याला पाणीच लागते. जमिनीवर ठेवून तोंडापुढे तुकडा धरणाऱ्यांची निराशा यामुळेच होते.

सुक्या कोळंबीची डबी

तांबूस रंगाचे, वाळवलेले, सोड्यांसारखा वास येणारे कवचधारी किडे हे कासव आवडीने खाते, आणि याच आवडीतून सर्वांत मोठी चूक घडते. केवळ यावर वाढवलेल्या पिल्लांत काही महिन्यांत जीवनसत्त्व अ कमी पडते, पापण्या सुजतात, डोळे चिकटतात, आणि दिसत नसल्यामुळे ते खाणे सोडते. घरात असलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब घालणे किंवा जीवनसत्त्वाची गोळी फोडून पाजणे हे त्यावरचे उपाय नव्हेत, कारण जीवनसत्त्व अ जास्त झाले तरी अपाय होतो. कासवांसाठीचे पेलेट, म्हणजे तयार दाणेदार खाद्य, हा रोजचा आधार ठेवावा. मान वगळून त्याच्या डोक्याएवढे पेलेट एका वेळेला पुरे होतात. पिल्लांना रोज, मोठ्यांना दिवसाआड द्यावे.

वय वाढेल तसा पाला वाढवावा. किसलेले गाजर, लाल भोपळा आणि जास्वंदीची पाने-फुले चालतात. पालकात ऑक्झॅलेट जास्त असते आणि ते कॅल्शियम अडवून धरते, म्हणून तो नेहमी देऊ नये. भात, पोळी, पाव, दूध, फरसाण यांपैकी काहीही नको. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या पाठीतल्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा पाण्यात तरंगत ठेवावा. त्याची कडक बाजू मात्र आधी खरवडून काढावी.

काचेतून आलेले ऊन

कॅल्शियम दिले तरी कवच मऊ पडते, अशी तक्रार असेल तर पेटी कुठे आहे ते पाहावे. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी सूर्यप्रकाशातला यूव्हीबी (अतिनील किरणांचा) भाग लागतो आणि तो खिडकीच्या काचेतून जवळपास येतच नाही. त्यामुळे ‘खिडकीत ठेवतो की’ हे उत्तर निरुपयोगी ठरते. एक तर कोरड्या जागेवर यूव्हीबीचा दिवा हवा, जो पेटत राहिला तरी सहा महिने ते वर्षभरात निकामी होतो, किंवा सकाळचे अर्धा तास उघडे ऊन द्यावे. ऊन देताना टबचा अर्धा भाग सावलीत असावा. छोट्या काचेच्या भांड्यात ठेवून उन्हात विसरलेले पिल्लू अक्षरशः शिजते, आणि गच्चीवर जाळी नसेल तर कावळा त्याला उचलून नेतो.

पाठीवर खोबरेल तेल चोळण्याची रीतही काही घरांत दिसते. त्याने कवच चकाकते खरे, पण ऊन आणि हवा अडते. कवचाचे पातळ पापुद्रे सुटणे स्वाभाविक आहे. खोलगट, मऊ, दुर्गंधी येणारे डाग दिसले तर तो संसर्ग असतो.

पाण्याविषयी थोडक्यात: कवचाच्या दर सेंटिमीटरमागे सुमारे १५ लिटर पाणी, मासे ठेवण्यासाठी लागतो त्याच्या दुप्पट क्षमतेचा फिल्टर, आणि नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून किंवा क्लोरीननाशक थेंब घालून मगच वापरणे. पेटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे.

कासव आवरेनासे झाले म्हणून ते देवळाच्या तळ्यात किंवा नदीत सोडणे ही पुण्याची गोष्ट समजली जाते. पण ही जात देशी कासवांची जागा व अन्न बळकावते. केरळात त्रिशूरकडे ती ओढ्यांत सापडू लागल्यावर तेथील वन संशोधन संस्थेला ती गोळा करण्याचे काम हाती घ्यावे लागले. सोडण्याऐवजी प्राणी वाचवणाऱ्या संस्थेशी किंवा वन विभागाशी बोलावे.

कासव एका कुशीवर कलून तरंगत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ते बहुधा फुप्फुसाच्या संसर्गाचे चिन्ह असते आणि त्यावर घरगुती उपाय करू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे नेताना पाण्याने भरलेल्या बादलीऐवजी भोके पाडलेल्या डब्यात ओलसर टॉवेलवर ठेवावे, आणि पाण्याच्या तापमानाची नोंद, दिव्याचा खोका व खाद्याची डबी बरोबर न्यावी, कारण डॉक्टरांचे पहिले तीन प्रश्न त्यांच्याविषयीच असतात.