रायझनची पिन तुटली? प्रोसेसर लगेच टाकून देऊ नका

कूलर ओढला आणि त्याला चिकटून प्रोसेसरच वर आला, एएम४ सॉकेटच्या रायझनमधे (एएमडीचे प्रोसेसर, यांच्या पिना प्रोसेसरच्याच खाली असतात) हे बऱ्याचदा होतं, कारण सॉकेटचा लिव्हर बंद असला तरी कूलर आणि प्रोसेसरच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट जास्त घट्ट धरते. (म्हणून कूलर काढायच्या आधी १०-१५ मिनिटं एखादा गेम चालवून पेस्ट गरम करायची, मग पीसी बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे थोडा फिरवायचा आणि मगच उचलायचा.)

माझ्याकडून घाईत हे राहिलं, दोन पिना वाकल्या आणि एक तुटली. वाकलेल्या सोप्या आहेत. ०.५ मिमीच्या मेकॅनिकल पेन्सिलीतली लीड काढा, पुढची नळी पिनवर बसवा आणि हळूहळू उभी करा, पण इकडे-तिकडे परत परत वाकवू नका, मुळातूनच जाते.

तुटलेली असेल तर आधी तुकडा शोधा. सॉकेटच्या भोकात अडकला असेल तर सुईने काढा, तो आत लोळत असताना पॉवर अजिबात देऊ नका, शॉर्ट होईल.

मग कुठली पिन गेली ते बघा, खरं काम हेच आहे. एएम४ ला १३३१ पिना असतात, नेटवर पिनआउटचा (कुठली पिन कशासाठी ते दाखवणारा) नकाशा मिळतो, सोनेरी त्रिकोणाचा कोपरा जुळवून मोजत जा, आणि नकाशा वरून काढलाय की खालून हे नक्की बघा नाहीतर सगळं आरशासारखं उलटं मोजाल. ग्राउंड किंवा पॉवरची असेल तर तेच काम करणाऱ्या बाकी खूप पिना असतात, एकीवाचून बहुतेक वेळा काही अडत नाही. रॅमची असेल तर एक चॅनेल (रॅमकडे जाणारा एक रस्ता) जाऊ शकतो, मग रॅम दुसऱ्या चॅनेलच्या स्लॉटमधे टाकून बघा. ग्राफिक्स कार्डच्या लेनची (डेटा नेणाऱ्या मार्गाची) असेल तर कार्ड १६ ऐवजी ८ लेनवर चालेल, कधी दिसणारच नाही.

सॉकेटमधे तारेचा तुकडा खोचायचा जुगाड प्लीज करू नका, शेजारच्या पिनेला टेकला तर बोर्डही जातो. पिन लागणारच असेल तर मायक्रोस्कोपखाली काम करणारा मोबाईल रिपेअरवाला गाठा आणि मेलेल्या एएम४ प्रोसेसरची पिन काढून सोल्डर करून घ्या.

पीसी चालू झाला तरी रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा, अर्धवट टेकलेली पिन पहिल्या तासात कळत नाही.