धुळ्यात घर घेण्यापूर्वी: इमारतीची तपासणी आणि शहराच्या खुणा

धुळ्यात घर दाखवताना विक्रेता बहुधा शहरातील ठळक ठिकाणांची नावे सांगतो. आग्रा रोड किती मिनिटांवर आहे, पाचकंदीलला पायी जाता येते का, एकवीरा देवीचे मंदिर गच्चीवरून दिसते का, अशा गोष्टींवर भाव वाढत जातो. इमारतींची पाहणी करताना माझे मत असे झाले आहे की याच खुणांचा उपयोग आधी जमीन ओळखण्यासाठी करावा आणि भावाचा विचार नंतर करावा. रंग नवा देता येतो, गळका नळ बदलता येतो. परंतु घर ज्या जमिनीवर उभे आहे ती पुढे कोणालाही बदलता येत नाही.

सुरुवात पांझरेपासून करावी. एकवीरा देवीच्या मंदिराजवळ किंवा लहान पुलावर उभे राहून नदीचे पात्र आणि तुम्ही पाहत असलेल्या घराचा जोता यांच्या उंचीतील फरकाचा अंदाज घ्यावा. देवपूर आणि जुने धुळे यांच्या मधून वाहणारी ही नदी उन्हाळ्यात कोरडी दिसते, म्हणून अनेकजण तिचा विचारच करत नाहीत. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला सामान्यतः परवानगी मिळत नाही आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसह काही अटी पाळाव्या लागतात. त्यामुळे गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात हे नकाशे स्वतः पाहावेत. मोती नाला आणि सुशी नाला यांच्या काठच्या वसाहतींनाही हाच नियम लावावा. तेथे शेजारच्या भिंतींवर एकाच उंचीवर ओलीचा पट्टा दिसतो का, हे पाहिले तर पाणी कोठवर चढले होते ते कळते.

या खोऱ्याची आणखी एक खूण सहज नजरेत येत नाही. पांझरेवर बंधारे घालून पाटाने शेती भिजवण्याची फड पद्धत येथे शतकानुशतके चालत आली आहे. शहर वाढले तशी भिजणारी शेते बिनशेती झाली, प्लॉट पडले आणि काही ठिकाणी जुने पाट, खड्डे व विहिरी भराव टाकून बुजवल्या गेल्या. अशा भरावावर पाया असेल तर घर एका कोपऱ्याने खचते. म्हणून सातबाऱ्याचे जुने उतारे काढून त्यांतील विहिरीची व पाटाची नोंद वाचावी आणि त्या भागातील एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावे.

आता मातीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण खानदेशातील बहुतेक तडे येथूनच सुरू होतात. कपाशीला मानवणारी आपली काळी जमीन घराला मात्र मानवत नाही. तिच्यातील चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या थराखाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला नसेल, तर दरवर्षी घर थोडे वर उचलले जाते आणि पुन्हा खाली बसते. लळिंगच्या डोंगरात उघडा दिसणारा काळा बसाल्ट तुमच्या प्लॉटखाली किती खोलीवर लागतो, हे शेजारची विहीर पाहून किंवा बोअर मारणाऱ्यांना विचारून समजते.

खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरपा वर चढणारा, एका टोकाला रुंद असलेला तडा बहुधा पाया हलल्याचे सांगतो. भिंत आणि वरची स्लॅब यांच्या सांध्यात आडवी सरळ भेग असेल तर ती अनेकदा गच्ची उन्हाने तापून पसरल्यामुळे पडते. पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या भागात ती पुष्कळ घरांत आढळते आणि तिची दुरुस्ती तुलनेने सोपी असते. गिलाव्यावरील बारीक जाळीसारख्या भेगांनी घाबरण्याचे कारण नाही. संशयास्पद तड्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी प्लॅस्टरमध्ये बसवून तारीख लिहावी. ती फुटली तर हालचाल अजून चालू आहे असे समजावे. शक्य असेल तर घर मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, असे दोनदा पाहावे. काळ्या मातीवरील घराचे उन्हाळ्यात उघडे पडणारे तडे पावसाळ्यात मिटतात आणि गळती मात्र पावसाळ्यातच दिसते, त्यामुळे एका भेटीत दोन्ही गोष्टी कळत नाहीत.

सोबत ओळंबा, टॉर्च, लाकडी हातोडी आणि पाणी भरलेली लेव्हलची नळी ठेवावी. कॉलम, बीम व स्लॅबच्या खालच्या बाजूवर हलके ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे; तांबूस डाग आणि सळईच्या रेषेतच गेलेली भेग ही आत गंज चढल्याची लक्षणे आहेत. गच्चीच्या कोब्यावर पाणी साठवून किमान 24 तास ठेवावे आणि खालच्या खोल्यांचे छत पाहावे. नहाणीच्या मागची भिंत व जोत्यालगतचा लोणा लागलेला भाग हाताने चाचपावा. अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून जमिनीखालची टाकी रिकामी करवून आतून पाहणे मी आवश्यक मानतो. गळकी टाकी पाण्याची नासाडी करते आणि पायालगतची काळी माती सतत ओली ठेवते. वीजजोडणी आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.

जुन्या शहराची तपासणी निराळी असते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्यालय केले आणि सरळ गल्ल्यांची नवी पेठ आखली. आजही तेथील पत्ते गल्लीच्या क्रमांकाने सांगितले जातात. तेथील धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांत सागवानी खांबांचे भिंतीत गाडलेले भाग आणि तुळयांची टोके वाळवीसाठी टोचून पाहावीत. दोन घरांमध्ये सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याच्या बाजूनेही पाहणी करावी आणि भिंतीची मालकी मालमत्ता पत्रकावरून ठरवावी. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचा संरचनात्मक परीक्षणाचा अहवाल मागावा. तो नसेल तर संरचना अभियंत्याकडून काँक्रीट न फोडता त्याची स्थिती तपासणारी रिबाउंड हॅमर व अल्ट्रासॉनिक चाचणी करून घ्यावी.

नव्या इमारतीसाठी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात घेऊन प्रत्यक्ष मजले, खोल्या व बाजूची मोकळी जागा मोजावी. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची नोंद महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, असावी लागते. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामाचा दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, म्हणून ताबा घेतल्याच्या दिवशीच प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. जुन्या घराच्या व्यवहारात असा आधार मिळत नाही. तेथे पाहणीत सापडलेला प्रत्येक दोष, त्याच्या दुरुस्तीचा खर्च आणि तो कोणी करायचा हे साठेखतातच लिहून घ्यावे, आणि ते लिहून होईपर्यंत इसाराची रक्कम देऊ नये.