एक्स-३ स्टिलेटो: वेगाच्या प्रयोगात या चुका टाळा

अमेरिकेच्या डग्लस कंपनीचं एक्स-३ हे प्रायोगिक विमान नुसतं उभं असलं तरी सुसाट वाटतं. ओहायोतल्या डेटन इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात ते बघायला मिळतं: सुईसारखं नाक, सुमारे २० मीटर लांबी आणि पंखांचा पसारा जेमतेम ७ मीटर. ध्वनीच्या दुप्पट वेगाने सलग उडण्यासाठी ते बांधलं होतं. पण १९५२ मध्ये पहिलं उड्डाण झाल्यावर लक्षात आलं, की सरळ उड्डाणात ते ध्वनीचाही वेग ओलांडत नाही. सूर मारल्यावर कसाबसा मॅक १.२ (ध्वनीच्या १.२ पट वेग) गाठला. डिझाइन प्रोजेक्ट करणाऱ्यांनी या विमानाचा अभ्यास जरूर करावा.

पहिली चूक, इंजिन हाती नसताना सांगाडा ठरवणं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! ठरलेलं जे-४६ इंजिन तयार होता होता इतकं वाढलं, की ते विमानात बसेना. मग जे-३४ वर भागवलं. हवा होता दोन इंजिनांचा प्रत्येकी ७००० पौंडांचा रेटा, मिळाला ४९०० चा. आपल्या ‘मरुत’ या लढाऊ विमानाचंही दुखणं हेच होतं. म्हणून कागदावरच्या इंजिनाऐवजी आज मिळणाऱ्या इंजिनावर गणित करून बघा. तेवढ्यावर विमान निकामी ठरत असेल तर आराखडा बदला.

दुसरी चूक, फक्त वरच्या वेगाचा विचार. इतके छोटे पंख कमी वेगात विमान पेलत नाहीत. एक्स-३ ला धावपट्टी सोडायला ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेग लागायचा, आणि टायरांचे हाल व्हायचे.

तिसरी चूक सगळ्यात घातक. गिरकी (धडाच्या लांबीभोवती लोळणं), नाकाची वर-खाली हालचाल आणि नाकाची डावी-उजवी हालचाल ही तीन वेगळी गणितं आहेत, असं धरून चालणं. वजन सगळं लांबट धडात आणि पंख आखूड असले, की विमान झटकन गिरकी घेतं. त्या गिरकीत नाक आणि शेपटीकडचं वजन बाहेर फेकलं जाऊ पाहतं, आणि अतिवेगात शेपटीची पकड आधीच ढिली झालेली असते. २७ ऑक्टोबर १९५४ रोजी चाचणी वैमानिक जो वॉकर यांनी मॅक ०.९२ ला डावीकडे झटकन गिरकी घेतली, तर विमान नाक वर करून आडवं घसरलं. त्यांनी ते सावरलं आणि ध्वनीपलीकडे जाऊन तीच चाचणी पुन्हा केली! (माझ्या मते इथे थांबायला हवं होतं.) या खेपेला उणे ६.७ ते अधिक ७ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) एवढे हिसके बसले, आणि धडावरचा ताण मर्यादेला टेकला. विमान जवळजवळ वर्षभर जमिनीवर राहिलं.

या धोक्याचं गणित ‘नाका’ (NACA) या अमेरिकी विमानसंशोधन संस्थेच्या विल्यम फिलिप्स यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं. एफ-१०० या लढाऊ विमानालाही हेच भोवलं. त्याच ऑक्टोबर १९५४ मध्ये चाचणी वैमानिक जॉर्ज वेल्च एफ-१०० च्या अपघातात गेले. एक्स-३ च्या नोंदी हाती होत्या, म्हणून दुखण्याचा उलगडा लवकर झाला. एफ-१०० ची उभी शेपटी मोठी केली, पंख थोडे लांबवले.

चौथी चूक वाचकांची: एक्स-३ ला ‘फसलेलं विमान’ म्हणून निकालात काढणं. त्याच्या पातळ, आखूड पंखांची माहिती एफ-१०४ या लढाऊ विमानाच्या कामी आली.