तोंडाच्या आतली कातडी घरच्या घरी कशी तपासायची

दात सगळेच बघतात, पण दातांच्या आजूबाजूची जी ओली गुलाबी कातडी आहे तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि आपल्याकडे तंबाखू, मिश्री, सुपारी, गुटखा किती चालतं ते बघता खरं तर तीच बघायला हवी. डॉक्टर तिला म्युकोसा म्हणतात, मी इथे अस्तर म्हणतो. महिन्यातून एकदा पाच-दहा मिनिटं दिली की पुरतात. तुमचं स्वतःचं तोंड नॉर्मल असताना कसं दिसतं ते तुम्हाला पाठ पाहिजे, कारण या अस्तरातले वाईट बदल सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाहीत, आणि जे दुखत नाही त्यासाठी आपण कोणी डॉक्टरकडे जात नाही.

सामान काही फार लागत नाही. बेसिनवरचा आरसा, मोबाईलचा टॉर्च, एक स्टीलचा चमचा, गॉजचा तुकडा नाहीतर धुतलेला सुती रुमाल. हात साबणाने धुवा, कवळी असेल तर काढून ठेवा, दोन-तीन चुळा भरा. पान किंवा गरम चहा झाल्याझाल्या बघू नका, रंगाचा अंदाज चुकतो.

सुरुवातीला हे अस्तर कसं बनलंय ते समजून घ्या, म्हणजे पुढे काय दिसतंय त्याचा अर्थ लागेल. सगळ्यात वर पेशींचे एकावर एक थर असतात, त्यात रक्तवाहिन्या अजिबात नसतात. त्याच्या खाली कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या धाग्यांचा थर, रक्तवाहिन्या आणि नसा तिथे. गाल आणि ओठाच्या आत त्याखाली अजून एक सैल थर असतो ज्यात चरबी आणि बारक्या लाळग्रंथी असतात. तोंड गुलाबी दिसतं ते खालचं रक्त वरच्या थरातून दिसतं म्हणून. त्यामुळे वरचा थर जाड झाला की तो भाग पांढरा दिसतो आणि थर पातळ झाला की लाल दिसतो. एवढं एक डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं बरंचसं यावरूनच कळतं.

आता ओठापासून सुरू करा. खालचा ओठ दोन्ही हातांनी बाहेर ओढा, आतली बाजू रुमालाने कोरडी करा आणि तसाच धरून थोडा वेळ बघत राहा. हळूहळू बारीक बारीक थेंब वर यायला लागतात. ही त्या छोट्या लाळग्रंथींची लाळ, अशा शेकडो ग्रंथी तोंडभर पसरलेल्या असतात आणि अस्तर सतत ओलं ठेवायचं काम करतात, कारण कोरडं अस्तर घासलं जातं, सोलतं, त्यात इन्फेक्शन पटकन होतं. ओठावर किंवा गालात पिवळसर बारीक ठिपके दिसले तर घाबरू नका, त्या तेलग्रंथी आहेत, खूप जणांना असतात.

ओठ तसाच ओढलेला असताना हिरडी बघा. दाताजवळची हिरडी फिकट गुलाबी, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळगे असलेली, आणि थोडं खाली गेलं की एक रेघ दिसते जिथून रंग एकदम गडद लाल होतो. ओठ हलवून बघा, रेघेच्या खालचा भाग हलतो, हिरडी जागची हलत नाही. हिरडी आणि पुढचा कडक टाळू इथे भाकरी-चटणी, चिक्की, सगळ्याचा मार बसतो म्हणून तिथला वरचा थर केरॅटिनने (नखं-केसांत असतं ते टणक प्रथिन) टणक झालेला असतो आणि तिथलं सगळं अस्तर बहुतेक ठिकाणी थेट हाडाला घट्ट चिकटलेलं असतं. गाल, ओठ, जिभेखालचा भाग यांना ताणायचं असतं, बोलताना गिळताना हलायचं असतं, त्यामुळे तिथलं अस्तर मऊ आणि बिनकेरॅटिनचं. हिरडीवर तपकिरी-काळपट डाग असतील आणि ते लहानपणापासून दोन्ही बाजूंना सारखे असतील तर तो आपला त्वचेचाच रंग आहे. नवीन एकाच जागी काळा डाग आला तर मात्र दाखवा.

मग गाल. चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ढकला, टॉर्च आत मारा. दात जिथे मिटतात त्या लेव्हलला एक आडवी पांढरी रेघ दिसेल, दातांच्या घर्षणाने झालेली, नॉर्मल आहे. वर, दुसऱ्या मोठ्या दाढेच्या समोर, एक छोटासा उंचवटा असतो, त्याला लोक हमखास गाठ समजतात पण ते कानासमोरच्या लाळग्रंथीचं तोंड आहे. पूर्ण गाल दुधाळ पांढुरका दिसत असेल तर तो ताणून बघा, ताणल्यावर पांढरेपणा गेला तर काळजी नाही. ताणूनही जात नाही, पुसूनही जात नाही असा पांढरा चट्टा असेल तर डॉक्टरला दाखवायलाच हवा. पुसल्यावर निघून येणारा आणि खाली लाल भाग दिसणारा पांढरा थर बहुतेक वेळा बुरशीचा असतो, तो डायबिटीसवाल्यांना, इन्हेलर घेणाऱ्यांना, रात्री कवळी न काढता झोपणाऱ्यांना जास्त होतो. आणि पांढऱ्यापेक्षा लाल मखमली चट्टा जास्त धोक्याचा, तो छोटा असला तरी.

गाल आणि खालची हिरडी यांच्यामधला जो खड्डा आहे, तिथे बोट घालून पुढून मागपर्यंत फिरवा. तंबाखू-चुन्याची गोळी लोक इथेच धरून ठेवतात, आणि आपल्याकडचे तोंडाचे कॅन्सर खूप वेळा याच पट्ट्यात, गाल आणि हिरडीच्या सांध्यात सुरू होतात. मिश्री लावणाऱ्या बायकांनी, घरातल्या आजी-मावशींनी तर हा भाग दर महिन्याला चुकवूच नये.

यानंतर गालाचा मऊपणा बघायचा, आणि ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तर्जनी आत, अंगठा बाहेर, गाल दोघांच्या मधे धरून चाचपा. लोण्यासारखा नसला तरी सगळीकडे मऊ लागला पाहिजे. आत ताठ उभे पट्टे लागतात का, अस्तर फिकट पांढरं पडलंय का, साधं तिखटही सहन होत नाही का? मग तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी एकावर एक दातांच्या मधे घालून बघा. मोठ्या माणसाची तीन बोटं सहसा आत जातात, दोनच जात असतील तर सुपारीबद्दल स्वतःला खरं खरं विचारा. सुपारीतल्या द्रव्यांमुळे अस्तराखालच्या थरात कोलॅजन साचत जातं, रक्तवाहिन्या दबतात, गाल आकसतो. सबम्युकस फायब्रोसिस हे या आजाराचं नाव, भारतात त्याचं वर्णन १९५३ साली जोशी या डॉक्टरांनी केलं. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच तिला त्या यादीत टाकलंय. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे पण सुपारीच्या गोड पुड्या अजूनही शाळेच्या बाजूला मिळतात आणि आपणच जेवण झाल्यावर पोरांच्या हातावर ठेवतो, हे कृपा करून थांबवा. झालेला ताठपणा पूर्ण मागे जात नाही.

जीभ बाहेर काढा. वरचा खरखरीतपणा म्हणजे बारीक टोकदार उंचवटे, त्यांना चव कळत नाही, ते फक्त घास धरायला. मधे मधे लाल ठिपके दिसतात त्यात चवीच्या कळ्या असतात. अगदी मागे उलट्या व्हीच्या आकारात ८ ते १२ मोठे गोल उंचवटे असतात, ते बघून लोक रात्रभर झोपत नाहीत, पण ते सगळ्यांनाच असतात. जीभ गुळगुळीत, लालबुंद, आग होणारी झाली असेल तर लोह आणि बी-१२ तपासून घ्या. आता गॉजने जिभेचं टोक धरा, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे ओढून कडा मागपर्यंत बघा. तुटक्या दाढेचं टोक कडेला घासत असेल तर ती दाढ आधी दाखवा.

जीभ टाळूला लावली की खालचा भाग दिसतो. निळ्या शिरा स्पष्ट दिसतात कारण इथलं अस्तर खूप पातळ आहे, म्हणूनच छातीत दुखल्यावर द्यायची गोळी जिभेखाली ठेवतात, तिथून औषध पटकन रक्तात जातं. टाळूसाठी मान मागे करा, पुढे आडव्या वळ्या, मधोमध कधी कधी हाडाचा टणक उंचवटा, मागे मऊ टाळू आणि पडजीभ. एवढं बघितलं की झालं.

तोंड येतं ते मुख्यतः या मऊ अस्तरावर, ओठ-गालाच्या आत. अस्तराच्या पेशी बाहेरच्या कातडीपेक्षा लवकर बदलतात, त्यामुळे असे साधे फोड आठवडा-दोन आठवड्यांत भरून येतात. याच हिशोबाने दोन आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम, न दुखणारी असली तरी, दाखवायची. बी-कॉम्प्लेक्स खात आणि जेल लावत महिने काढायचे नाहीत. तसंच कडा टणक झालेली जखम, हात लावल्यावर रक्त येणं, दात अचानक हलणं, मानेत गाठ, ओठ बधिर होणं, यातलं काहीही असेल तरी दाखवायचं.

दाताच्या डॉक्टरकडे जा, नाहीतर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिनची, म्हणजे तोंडाच्या आजारांची, ओपीडी असते, तिथे कमी पैशात बघतात. दर महिन्याला तपासताना त्या जागेचे मोबाईलवर फोटो काढले असतील तर जाताना ते दाखवा आणि किती वर्षं काय खाताय ते लपवू नका. त्यांनी बायोप्सी सांगितली तर ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ असं शेजारीपाजारी सांगतील, ते खरं नाही. जागा बधिर करून छोटासा तुकडा घेतात, लागलाच तर एखादा टाका पडतो, बहुतेक त्याच दिवशी घरी येता, आणि काही दिवसांनी रिपोर्ट आला की पुढचे उपचार ठरतात.