मादिराँ कशी उघडावी आणि तिच्यासोबत काय वाढावे

फ्रान्सच्या नैऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या अलीकडच्या टेकड्यांवर मादिराँ ही लाल वाइन तयार होते. 1948 पासून या नावाला तेथे कायद्याचे संरक्षण आहे. ताना ही तिची मुख्य द्राक्षजात असून कॅबर्ने फ्राँ आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ यांची तिला जोड दिली जाते. रंग जवळजवळ काळा, वासात ब्लॅकबेरी, आलुबुखार आणि मसाले, आणि चवीत टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून-बियांतून येणारा तुरट घटक) इतके की जांभळे खाल्ल्यासारखी जीभ ओढून येते. हा तुरटपणा सौम्य करण्यासाठी पात्रिक द्यूकुर्नो या तेथील उत्पादकाने 1990 च्या दशकाच्या आरंभी तयार होत असलेल्या वाइनमध्ये ऑक्सिजनचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडण्याची पद्धत विकसित केली आणि ती पुढे जगभर पसरली.

बाटली 16 ते 18 अंशांवर आणावी. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. मुंबईच्या किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात बाटली आधी तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. तरुण वाइन जेवणापूर्वी दोन-तीन तास डिकॅन्टरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतून ठेवावी. नुसते बूच काढून ठेवल्याने काहीही साधत नाही, कारण बाटलीच्या गळ्यात हवेला भिडणारा पृष्ठभाग एखाद्या नाण्याएवढाच असतो. जुनी वाइन मात्र वाढण्याच्या थोडे आधीच, तळाचा गाळ मागे ठेवून, हलक्या हाताने ओतावी.

खरी कसोटी पदार्थ निवडताना लागते, आणि मलाही सर्वांत जास्त काळ हीच पायरी अवघड गेली. ‘लाल मांसाला लाल वाइन’ हे सूत्र मादिराँपुरते तरी सोडून द्यावे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, त्यामुळे तोंड कोरडे पडते. पदार्थात प्रथिने, स्निग्धता आणि मीठ असेल, तर तोच तुरटपणा बराच निवतो. म्हणून चरबी काढून पूर्ण शिजवलेल्या बीफ स्टेकसोबत ही वाइन कठोर लागते, तर बदकाच्या कोंफीसोबत ती मोकळी होते. कोंफीसाठी बदकाची तंगडी मिठात मुरवतात, त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात आणि वाढण्यापूर्वी तव्यावर कातडीची बाजू खाली ठेवून ती कुरकुरीत होईपर्यंत परततात. ती खारट, तेलकट कातडी आणि एक घोट वाइन एकत्र घेतल्याशिवाय मादिराँविषयी मत बनवू नये. पांढरा घेवडा, सॉसेज आणि बदक घालून तासन्‌तास शिजवलेला कासुलेही तितकाच योग्य आहे.

तिखटाबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. मिरचीने आधीच होरपळलेल्या तोंडात टॅनिन आणि मद्यार्क आणखी आग करतात. त्यामुळे मटण कितीही उत्तम असले, तरी तांबड्या रश्श्यासोबत मादिराँ वाढणे म्हणजे दोन्हींवर अन्याय आहे. घरी करायचेच असेल, तर चरबीसकट मेंढीच्या चापा फक्त मीठ, लसूण आणि थोडी मिरपूड लावून भाजाव्यात. माशांसोबत बहुधा लोखंडासारखी चव उरते, म्हणून मासे टाळावेत.

चीजमध्ये शेजारच्याच बेआर्न आणि बास्क प्रदेशातले मेंढीच्या दुधाचे ओसो-इराती घ्यावे. त्याच्यासोबत काळ्या चेरीचा मुरंबा खाण्याची तेथे प्रथा आहे, पण ग्लासात मादिराँ असताना तो बाजूला ठेवावा, कारण गोडाने तिचा कडवटपणा वर येतो. चॉकलेट केकसोबतही ती देऊ नये. गोडासाठी त्याच टेकड्यांवरची पाशरांक द्यू व्हिक-बिल ही पांढरी वाइन मिळते, तिचा गोड प्रकार निवडावा.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी. तरुण मादिराँ दुसऱ्या दिवशी अनेकदा अधिक मऊ लागते.