खुनाच्या खटल्यातील शिक्षेविरुद्ध अपील : कुठवर दाद मागता येते?

सत्र न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा सुनावली की घरच्यांचा वकिलांना पहिला प्रश्न असतो, ‘शिक्षा कमी होईल का?’ खुनाच्या खटल्यात हा प्रश्न असा सुटा विचारून चालत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप, अशा दोनच शिक्षा आहेत. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 302 मध्येही त्याच होत्या. त्यामुळे खुनाची दोषसिद्धी कायम ठेवून जन्मठेपेहून कमी शिक्षा देणे उच्च न्यायालयालाही शक्य नसते. जन्मठेप झालेल्याच्या अपिलाचा रोख म्हणूनच दोषसिद्धीवर असावा लागतो: पुरावा मुळात टिकतो का, आणि टिकला तरी कृत्य खुनात मोडते की कलम 105 खालील सदोष मनुष्यवधात, म्हणजे खुनाहून सौम्य गुन्ह्यात. भांडण अचानक उद्भवले होते का, हत्यार आधीच आणलेले होते की हाताशी सापडले, वार किती आणि कुठे झाले, या गोष्टी साक्षीदारांच्या उलटतपासणीत आणि शवविच्छेदन अहवालात दडलेल्या असतात. कलम बदलले तरच शिक्षा मुदतीच्या कैदेवर येऊ शकते.

निकालाच्या दिवशीच प्रत मागावी. दोषी ठरलेल्याला ती विनामूल्य मिळते. फाशीविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत 30 दिवस, तर जन्मठेपेविरुद्ध 60 दिवस आहे. प्रमाणित प्रत तयार होण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो, आणि उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज सकारण करता येतो. वकील देण्याची ऐपत नसल्यास कैद्याने तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवावे. 1978 साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निकालाची प्रत आणि मोफत कायदेशीर साहाय्य या गोष्टी राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 शी जोडल्या. हा हक्क मागताना कुणीही संकोच करू नये. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, त्यामुळे तेथील कुटुंबांची मुंबईची खेप वाचते.

फाशीच्या बाबतीत आरोपीने अपील केले नाही तरी उच्च न्यायालयाच्या पुष्टीशिवाय शिक्षा अमलात येत नाही. तरीही स्वतंत्र अपील करावेच, आणि बचनसिंग खटल्यातील 1980 च्या ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी द्यावी या कसोटीवर शिक्षेसंबंधीची सामग्री भरघोस मांडावी: वय, पार्श्वभूमी, मानसिक आरोग्य, कारागृहातील वर्तन, सुधारण्याची शक्यता. मृताच्या नातेवाइकांनीही एक मर्यादा ध्यानात घ्यावी. निर्दोष सुटकेविरुद्ध किंवा सौम्य कलमाखालील दोषसिद्धीविरुद्ध त्यांना अपील करता येते, पण केवळ शिक्षा अपुरी आहे म्हणून नाही. ते अपील सरकारने करायचे असते. शिक्षा वाढवण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे.

राज्यघटनेची खरी मर्यादा यापुढे लागते. उच्च न्यायालयाने सुटका फिरवून फाशी दिली, तर अनुच्छेद 134 खाली सर्वोच्च न्यायालयात हक्काने अपील करता येते. 1970 च्या कायद्याने हा हक्क अशाच रीतीने झालेल्या जन्मठेपेला आणि दहा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कैदेलाही मिळाला. मात्र दोन्ही न्यायालयांनी दोषी ठरवले असेल, तर उच्च न्यायालयाने प्रकरण अपिलास योग्य असल्याचे प्रमाणपत्र दिल्याचे क्वचित प्रसंग सोडता, उरते ती अनुच्छेद 136 ची विशेष अनुमती याचिका. तिची मुदत सर्वसाधारणपणे 90 दिवसांची असून अनुमती देणे न देणे न्यायालयाच्या मर्जीवर असते, आणि तेथे पुरावा सहसा नव्याने तपासला जात नाही. म्हणूनच माझा ठाम आग्रह आहे की चांगला वकील, वेळ आणि पैसा उच्च न्यायालयातच लावावा. ‘पुढे दिल्लीत बघू’ हा हिशेब महागात पडतो.

सर्वोच्च न्यायालयाकडे त्याच्याच निकालाचे पुनर्विलोकन मागताना निकालातील उघड चूक दाखवावी लागते; फाशीच्या प्रकरणांत ही सुनावणी 2014 च्या मोहम्मद आरिफ निकालापासून खुल्या न्यायालयात होते. त्यानंतर राज्यपालांकडे अनुच्छेद 161 आणि राष्ट्रपतींकडे अनुच्छेद 72 खाली दयेचा अर्ज करता येतो. तो अपिलाचा टप्पा नव्हे, पण अक्षम्य दिरंगाईविरुद्ध न्यायालयात जाता येते: पुण्यातील 2007 च्या बीपीओ कर्मचारी हत्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिरंगाईमुळेच फाशी रद्द करून 35 वर्षांची जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ती कायम ठेवली. त्यासाठी प्रत्येक अर्जाची पोच आणि पुढे पाठवल्याची तारीख कुटुंबाने पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी.