शेतकरी घराण्याचा माग काढताना: सातबारा, फेरफार आणि कोतवाल बुक

शेतकरी घरात वंशावळ लिहून ठेवायची पद्धत सहसा नसते, पण जमिनीची नोंद मात्र पिढ्यान् पिढ्या सरकारदरबारी पडून असते. कोण कधी गेलं, कुणाच्या वाट्याला किती आलं, कुठलं रान कर्जापायी गेलं आणि कुठलं धरणात, हे सगळं तिथे सापडतं. फक्त ते ओळीने वाचावं लागतं. पुढची पद्धत चार-पाच पिढ्यांपर्यंत, म्हणजे साधारण १९१० पर्यंत मागे जाण्यासाठी आहे.

सुरुवात घरातून करा, आणि घरातही थोरल्या बायकांपासून. पुरुषांना शेताच्या हद्दी आणि भावकीची भांडणं आठवतात. कोण बाळंतपणात गेलं, कुणाची किती लेकरं जगली, कोण माहेरी परत आली हे बायकांकडून कळतं. त्यांना सन विचारू नका, घटना विचारा. ‘बहात्तरच्या दुष्काळात सुकडी वाटायचे, तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?’ ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला केवढा होता?’ भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३. अशा खुंट्यांना वय बांधलं की जन्मसाल दोन-तीन वर्षांच्या फरकाने हाती लागतं.

त्याच बैठकीत प्रत्येक शेताचं घरातलं नाव लिहून घ्या: माळाचं, आंब्याचं, विहिरीची पट्टी, ओढ्याकडचं. ते आज कुणाकडे आहे तेही शेजारी लिहा. विकलेल्या शेताचं नावसुद्धा घरात पन्नास वर्षं टिकतं, आणि गेलेल्या जमिनीचा पहिला धागा बहुतेक वेळा तोच असतो.

मग ट्रंक उघडा. शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक, तगाईचे, म्हणजे सरकारी शेतीकर्जाचे, कागद, स्टँपावरची खरेदीखतं, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, जुनं रेशनकार्ड, काहीच टाकू नका. घडी घातलेला जुना कागद घडीवरच तुटतो. म्हणून आधी आहे तसा फोटो काढा, मग सपाट जागेवर सावकाश उलगडा. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. त्या उष्णतेने कागद कायमचा प्लॅस्टिकमध्ये अडकतो आणि मागचं लिखाण पुढे कधी दुरुस्त करता येत नाही.

माणसाच्या नावावरून शोधायला गेलात तर हमखास चुकाल. नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत असल्याने ‘गणू बिन रामा’ आणि ‘रामा बिन गणू’ एका आड एक पिढी येत राहतात. जुन्या नोंदीत आडनाव बऱ्याचदा नसतंच. पुढे शाळेत घालताना एका भावाने गावावरून आडनाव लावलं, दुसऱ्याने पाटीलकीवरून, अशीही घराणी आहेत. जमीन मात्र जागची हलत नाही. म्हणून नंबर धरून मागे चला.

आजचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. सातबाऱ्यावर ‘जुने फेरफार क्र.’ म्हणून आकड्यांची एक रांग असते. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. पुढची सगळी वाट त्या रांगेत आहे. सगळे आकडे उतरवून घ्या आणि प्रत्येकाची नक्कल मागा. काही तालुक्यांचे जुने स्कॅन केलेले कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. नसतील तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा लागतो. अर्जात ‘आमची जुनी कागदपत्रं द्यावीत’ असं मोघम लिहिलं की अर्ज तसाच पडून राहतो. गाव, गट नंबर, फेरफार क्रमांक आणि माहीत असेल तर साल, एवढं लिहा. ‘आढळत नाही’ असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. तेही मिळेना तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला ३० दिवसांची मुदत असते.

हस्तलिखित सातबाराही मागवा. त्यात कमी केलेलं नाव कंसात आणि तो बदल कोणत्या फेरफाराने झाला तो आकडा गोलात असतो. संगणकावरच्या उताऱ्यात हा क्रम तितका उघड दिसत नाही. हे हस्तलिखित उतारे काही वर्षांनी नव्या कागदावर उतरवले जात. त्या उतरवण्यात एखादं नाव, बहुतेक वेळा बहिणीचं किंवा विधवेचं, नुसतं गळून गेलेलं सापडतं. कंस नाही, गोलातला आकडा नाही आणि नाव गायब, असं दिसलं तर ती लेखनातली चूक धरून आधीचा उतारा मागा.

थोडं मागे गेलात की गट नंबर संपतो आणि सर्व्हे नंबर सुरू होतो. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली पुढच्या काही दशकांत गावोगावी गटवारी झाली आणि सगळे आकडे बदलले. इथे बरेच जण अडकतात. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला याचा तक्ता भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात असतो. एकत्रीकरण योजनेचा उतारा म्हणून मागा. गटवारीत अदलाबदलही झाली आहे, त्यामुळे आजचं शेत हेच आज्याचं शेत असेल असं गृहीत धरू नका.

आता फेरफार कसा वाचायचा. गाव नमुना ६ मध्ये चार रकाने असतात: नोंदीचा अनुक्रमांक, हक्काचं स्वरूप, कोणत्या भूमापन क्रमांकावर परिणाम झाला, आणि चाचणी अधिकाऱ्याचा, म्हणजे नोंद तपासून मंजूर किंवा रद्द करणाऱ्याचा, शेरा. दुसरा रकाना शब्दन् शब्द उतरवा. साधारण असा मजकूर असतो: ‘खातेदार सुमारे सहा वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगा अज्ञान, पालन करणार आई. दोन मुली नांदत्या.’ एवढ्या तीन वाक्यांत अख्खं घर उभं राहतं. बाप गेला तेव्हा मुलगा लहान होता, सहा वर्षं नोंदीला कुणी गेलं नाही, आणि त्या काळात शेत एकट्या आईने ओढलं. मृत्यूचं साल नोंदीच्या तारखेवरून धरायचं नाही, मजकुरातून काढायचं. वारसनोंद मृत्यूनंतर पाच-दहा वर्षांनी होणं अगदी नेहमीचं, कारण सोसायटीचं कर्ज काढायची किंवा वाटणीची वेळ आली तरच माणसं चावडीवर जात.

लघुरूपं पाठच करून ठेवा. ‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे कुणाची बायको, ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ‘ए. कु. पु.’ म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी. हे शेवटचं फार फसवं आहे. उताऱ्यावर एकाचंच नाव असतं आणि मागे चार भाऊ उभे असतात. पुढे ‘जमीन काकांनी बळकावली’ म्हणून पिढ्यान् पिढ्या चालणारी कितीतरी भांडणं या तीन अक्षरांतून निघाली आहेत. ती दिसली की त्या साली कुटुंबात आणखी कोण होतं ते शोधलंच पाहिजे. शेऱ्याचा रकानाही सोडू नका. नोंद ‘रद्द’ झालेली असेल तर आधीचा सगळा मजकूर लागू होत नाही.

गेलेली जमीन हिशेबाने सापडते. समजा जुन्या उताऱ्यावर १२ एकर २० गुंठे आहेत. ४० गुंठ्यांचा एकर, आणि एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, म्हणजे हे झालं सुमारे ५ हेक्टर ६ आर (१०० आरचा एक हेक्टर). आज सगळ्या चुलत्यांचे मिळून ३ हेक्टर ८४ आर भरतात. उरलेले १ हेक्टर २२ आर, म्हणजे जवळजवळ ३ एकर, कुठे गेले याचा फेरफार असणारच. दोन्हीकडे पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, धरला आहे ना, ते आधी तपासा. तो एकीकडे धरला आणि दुसरीकडे नाही, तर नसलेलं नुकसान दिसायला लागतं.

जमीन जाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पहिली कर्जाची. ‘इतर हक्क’ या रकान्यात तगाई, बोजा, इकरार, गहाण असे शब्द शोधा. ‘मुदत खरेदी’ दिसली तर ती बहुतेक वेळा खरी विक्री नसते. पैसे मुदतीत फेडले तर जमीन परत, नाहीतर कायमची गेली, असा तो सौदा. त्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे असतो. साल आणि गाव सांगून सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत, शोध घ्यायचा. रक्कम, मुदत आणि घेणाऱ्याचं नाव कळतं. सावकारी पाशाचा हा पट्टा जुना आहे. १८७५ मध्ये सुप्यापासून पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले ते याच कारणाने, आणि त्यानंतर १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला.

दुसरी वाट कूळकायद्याची, आणि ती दोन्ही अंगांनी वाचावी लागते. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला मालक मानलं गेलं, पण १९४८ च्या कायद्याच्या कलम ३२-ग खाली किंमत ठरून ती भरल्यावर ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळे. काही घरांना जमीन इथेच मिळाली, काहींची इथेच गेली. कुळाचं नाव १९५७ च्या आधीच ‘स्वखुशीने’ कमी झालेलं दिसलं तर थांबा आणि आजूबाजूच्या चार नोंदी वाचा. एकाच महिन्यात एकाच मालकाची सगळी कुळं स्वखुशीने निघून गेली असतील, तर त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

तिसरी वाट संपादनाची: कोयना, उजनी, जायकवाडी, कालवे, रस्ते, पाझर तलाव. फेरफारात फक्त ‘सरकारजमा’ असं लिहिलेलं असतं, पण खरा ऐवज भूसंपादनाच्या निवाड्यात आहे. तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन किंवा पुनर्वसन शाखेत मागा. निवाड्यात जिरायत-बागायत क्षेत्र, विहीर, घराचे खण आणि झाडं मोजून लिहिलेली असतात, आंबे किती, बाभळी किती. पाण्याखाली गेलेल्या घराचं इतकं बारीक वर्णन दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळत नाही.

मृत्यूंसाठी गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत मिळतात, त्याआधीच्या तहसीलच्या अभिलेख कक्षात. फेरफारातून मृत्यूचं अंदाजे साल काढायचं आणि त्याच्या अलीकडची-पलीकडची तीन-तीन वर्षं वाचायची. कारणाच्या रकान्यात ताप, देवी, पटकी (कॉलरा), हगवण, प्लेग असे शब्द येतात. नुसता ‘ताप’ म्हणजे काहीही असू शकतं, पण १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानामागून पान ‘ताप’ असेल तर ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ समजायला हरकत नाही. त्या दोन महिन्यांत एकाच घरातली दोन-तीन माणसं गेलेली दिसतात.

जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव सहसा नसतं. बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढंच. त्यामुळे आज्याचा जन्म म्हणून जी नोंद धराल, ती त्याच्या आधी जन्मून गेलेल्या भावाचीही असू शकते. पुढच्या दोन वर्षांतले मृत्यू पाहिल्याशिवाय जुळवू नका. आणि ही दिवसा-महिन्यांची, नाव न ठेवलेली लेकरंही वंशावळीत घाला. ‘मुलगी, वय ९ दिवस’ एवढं लिहिलं तरी पुरे. आजीच्या सात बाळंतपणांपैकी चार कागदावर आलीच नाहीत, तर तिचं आयुष्य कळलं असं म्हणता येत नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताळा करा, पण १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी अंदाजाने घातलेली समजा. सातबाऱ्यातला बारा, म्हणजे पीकपाहणी, हंगामाची साक्ष देतो. ज्वारी-बाजरीच्या जागी १९७२-७३ मध्ये ‘पड’ दिसली तर काय झालं ते वेगळं सांगायला नको. पण दहा वर्षं एकच पीक, एकच क्षेत्र असेल तर ती पाहणी चावडीत बसून भरलेली आहे. तिच्यावर विसंबू नका.

मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदी उर्दूत आणि फसली या महसुली सनात आहेत. इसवी सन काढायला फसलीत ५९० मिळवा, शकात ७८. तिथे १९५० च्या दशकातलं खासरा पाहणीपत्रक हा भक्कम पाया आहे. पूर्व विदर्भात मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५१ ला संपली. तिथे अधिकार अभिलेख (जमीनहक्कांची नोंद) आणि त्यामागे बंदोबस्त मिसल (सारा ठरवतानाची जुनी फाईल) मागा. पश्चिम महाराष्ट्रात १९३० च्या आधीचे कागद बऱ्याचदा मोडीत निघतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, पण आकडे देवनागरीसारखेच असतात. तेव्हा आधी नंबर आणि क्षेत्र स्वतः वाचा आणि नेमकी तेवढीच पानं जाणकाराकडे न्या.

कागद संपतात तिथे कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे वंशावळी ठेवणारे हेळवी उपयोगी पडतात, खानदेश-विदर्भात भाट, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. उपाध्यायांकडे मूळ गाव आणि आडनाव सांगावं लागतं, आजचं राहतं गाव सांगून काही निघत नाही. दशक्रियेला किंवा सिंहस्थाला घरातलं कोणी गेलं असेल तर त्याची सही मिळते. भाट-हेळव्यांच्या वहीत वरच्या पिढ्या थोर पुरुषांना नेऊन जोडलेल्या असतात. खालच्या चार-पाच पिढ्या घ्या, वरच्या पेन्सिलने लिहा.

घरात शेतकरी आत्महत्या झालेली असेल तर आधी त्याच्या बायकोला विचारा, आणि ती नको म्हणाली तर तो भाग सोडून द्या. ती हो म्हणाली तर तहसीलमध्ये प्रकरणाची फाईल असते: पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, कर्जाचे दाखले आणि जिल्हा समितीचा ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ निर्णय. मदत एक लाखाची, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ‘अपात्र’ हा निकषांवरचा शिक्का आहे. जमीन बापाच्या नावावर होती, कर्ज सोसायटीऐवजी बिनपरवाना सावकाराचं होतं, अशा कारणांनीही तो बसलेला दिसतो. राबणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नसल्याने तिचा मृत्यू शेतकऱ्याचा म्हणून धरलाच गेला नाही, असंही होतं. तुमच्या वहीत ती शेतकरी म्हणूनच लिहा.

सगळं एका मोठ्या कागदावर मांडताना उभ्या रेघेवर साल ठेवा, डावीकडे माणसं, उजवीकडे जमीन. प्रत्येक ओळीपुढे नमुन्याचं नाव आणि नोंद क्रमांक लिहा. ऐकीव गोष्टीपुढे सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही लिहून ठेवा, खोडू नका. नकलांचा एक संच तुमच्याकडे, एक भावकीतल्या दुसऱ्या घरी, आणि सासरी गेलेल्या आत्या-बहिणींना त्यांच्या नावाच्या नोंदींची प्रत.